सरकी, कातडे आणि मळसूत्र

वऱ्हाडातील माणसाला यंत्राची ओळख करून देण्याचे कारण नाही. दिवाळीनंतर अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा यांपैकी कोणत्याही गावी गेले, तरी जिनाची घरघर कानावर येते, रस्त्याकडेच्या बाभळींवर रुईचे पुंजके अडकलेले दिसतात, आणि फाटकापाशी कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. पण यंत्र चालताना पाहणे निराळे आणि ते कोणाला कसे सुचले, कसे आखले गेले, कसे घडले हे समजणे निराळे. इंग्रजांनी आपल्याकडे रेल्वे आणली, तारायंत्र आणले, जिन-प्रेस आणल्या, असे आपण एका दमात म्हणून जातो. ‘आणल्या’ या शब्दाने पुष्कळच झाकले जाते. आणण्यापूर्वी त्या कोणीतरी घडविल्या होत्या, आणि घडविण्याचीही एक विद्या होती. त्या विद्येचा आम्ही येथे विचार करणार आहो. आणि उदाहरण दूरचे न घेता आपल्या दारचे, म्हणजे जिनाचे व प्रेसचे घेणार आहो.

यंत्रकाराला कल्पना सुचते आणि यंत्र तयार होते, असा एक गोड समज शाळेच्या पुस्तकांनी पसरविला आहे. वस्तुतः चांगला यंत्रकार आधी पदार्थाकडे पाहतो. कापसाचे बोंड हातात घ्या. आत सरकी आहे आणि तिच्या टरफलातून हजारो तंतू उगवलेले आहेत. ते नुसते चिकटलेले नाहीत. सरकीच्या अंगाचेच ते भाग आहेत. तंतू ओढला तर तो मधोमध तुटावा की मुळाशी सुटावा? निसर्गाची कृपा अशी की, सरकीपासून सुटण्यास जितका जोर लागतो त्याहून तंतू तोडण्यास अधिक जोर लागतो. या दोन जोरांमध्ये जे थोडे अंतर आहे, त्या अंतरावर जगातला सगळा जिनिंगचा धंदा उभा आहे. ओढ हळुवार असेल तर तंतू अखंड सुटतो. हिसका बसला की तुटतो. तुटलेल्या तंतूचे सूत कच्चे निघते, आणि सूत कच्चे म्हटले की गिरणीवाला भाव पाडतो.

आपल्या बायका रेच्यावर सरकी काढीत, तेव्हा हेच शास्त्र त्यांच्या हातात होते. रेच्याला दोन लाट्या. त्या उलटसुलट फिरतात, तंतू त्यांच्या चिमटीत सापडून पलीकडे जातो आणि सरकी जाड असल्यामुळे अलीकडेच गळते. तंतू जाईल पण सरकी जाणार नाही अशी फट निर्माण करणे, एवढेच सर्व जिनांचे मर्म आहे. रेच्याची रुई उत्तम. दोष एकच, काम फार सावकाश.

१७९३ साली अमेरिकेत एली व्हिटनी याने ही फट निराळ्या तऱ्हेने साधली. लोखंडी गजांच्या अरुंद फटींतून तारेचे दाते, आणि पुढे करवतीच्या गोल पात्या फिरत. त्यांचे दात तंतू धरून ओढून नेत आणि सरकी गजांशी अडून राही. काम झपाट्याने होऊ लागले. पण करवतीचा दात तो करवतीचाच. आपल्याकडील आखूड धाग्याचा कापूस त्यात घातला की मुळात आखूड असलेला धागा आणखी आखूड होऊन बाहेर पडे. धारवाडकडे अमेरिकन जातीच्या कापसाला हे यंत्र काही प्रमाणात मानवले. देशी कापसाला मानवले नाही.

दुसरी वाटही एका अमेरिकनानेच दाखविली. फोन्स मॅकार्थी याने १८४० साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात करवत नव्हती. कातड्याने मढविलेली लाट होती. आमच्या नागपूर-अकोल्याच्या जिनात आज जे दुहेरी लाटेचे यंत्र चालते ते याच कुळातले. कातड्याचा पृष्ठभाग किंचित खरबरीत असतो. तंतू त्याला धरून पुढे जातो. लाटेला टेकून एक स्थिर सुरी बसविलेली असते. तिच्या धारेखालून तंतू जातो, सरकी धारेशी अडते. अडलेल्या सरकीला एक हलती सुरी खालीवर होत ठोसे देते, आणि तंतू सुटताच सरकी खाली पडते. लाट मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घेते आणि तेवढ्याच वेळात सुरीचे आठशे-नऊशे ठोसे पडतात. ठोसा पडला तरी तंतूला ओढ मिळते ती कातड्याची, म्हणजे रेच्याच्याच जातीची. वेग यंत्राचा, स्पर्श हाताचा, असा हा मेळ आहे.

येथे कोणी विचारील, यात इंग्रजांचे काय? दोन्ही कल्पना तर अमेरिकनांच्या! प्रश्न रास्त आहे. कल्पना आणि यंत्र यांच्यामध्ये जो लांबचा रस्ता आहे तो चालून जाणे, हीच इंग्रज यंत्रकाराची खरी कामगिरी होय. मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅम गावी प्लॅट ब्रदर्स यांचा कारखाना होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्त्रोद्योगाची यंत्रे बनविणारा एवढा मोठा कारखाना जगात दुसरा नव्हता. दहा हजारांहून अधिक माणसे तेथे राबत. मॅकार्थीचे यंत्र या कारखान्याने हाती घेतले, त्याला दुहेरी लाट बसविली, आणि इजिप्तपासून खानदेश-वऱ्हाडापर्यंत पोचविले.

कागदावर कातडे, सुरी आणि ठोसा एवढेच दिसते. प्रत्यक्षात प्रश्नांची माळ लागते. कातडे कोणत्या जनावराचे? फार मऊ असले तर तंतू धरत नाही, फार कडक असले तर सुरी खाते. त्या काळी वॉलरस या समुद्री प्राण्याचे जाड कातडे यासाठी वापरीत. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फावरचा तो प्राणी आणि पूर्णेच्या काठचा कापूस यांची गाठ लाटेवर पडावी, ही व्यापाराची गंमत आहे! मग कातड्यावर खोबणी किती खोल पाडायच्या? सुरी लाटेवर किती दाबायची? दाब कमी झाला तर सरकी धारेखाली शिरून फुटते, अधिक झाला तर घर्षणाने कातडे तापते आणि करपते. हलती सुरी स्थिर सुरीच्या धारेपलीकडे किती जावी? केसाएवढी चूक झाली तरी रुईत फुटक्या सरकीचे कण येतात. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर खुर्चीत बसून सापडत नाही. ते चाचण्या घेऊनच सापडते.

चाचण्या इंग्रजांनी कसोशीने घेतल्या. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत, १८६१ ते १८६५ मध्ये, लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेना. गिरण्या थंडावल्या, मजूर उपाशी राहिले, आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडाकडे वळली. त्यानंतर डॉ. फोर्ब्स वॉटसन यांच्या देखरेखीखाली १८७० च्या दशकात निरनिराळ्या जिनांच्या परीक्षा झाल्या. काही मँचेस्टरला, काही हिंदुस्थानात. १८७९ साली त्यांचा अहवाल छापून निघाला. कोणते यंत्र किती वेळात किती रुई काढते, किती शक्ती खाते, रुई कशी उतरते, हे सारे मोजून, तोलून मांडले गेले. या चिकाटीचे आम्हाला मनापासून कौतुक वाटते. आपल्याकडे अजूनही एखादे अवजार चांगले की वाईट हे ठरविताना ‘अमक्याने घेतले आहे’ एवढा पुरावा पुरतो.

आता थोडे मागे जाऊन एक अधिक मूलभूत गोष्ट पाहू. सुरीची धार लाटेला शेवटपर्यंत सारखी टेकायची तर सुरी सरळ हवी आणि लाट गोल हवी. सरळ म्हणजे किती सरळ? गोल म्हणजे किती गोल? १८०० पूर्वी या प्रश्नाला उत्तर नव्हते. जेम्स वॉटच्या इंजिनाचे नळकांडे काही वर्षे नीट गोल होईना, आणि जॉन विल्किन्सनने १७७५ च्या सुमारास छिद्र कोरण्याचे नवे यंत्र केले तेव्हाच ते इंजिन खऱ्या अर्थाने चालू लागले. यंत्र घडविणारे यंत्र आधी हवे, आणि ते घडविण्यास त्याच्याही आधीचे. ही साखळी मागे मागे जात एका माणसाच्या बाकापाशी थांबते. त्या माणसाचे नाव हेन्री मॉडस्ले.

मॉडस्ले हा लंडनमधला लोहारकाम शिकलेला पोरगा. जोसेफ ब्रामा या यंत्रकाराकडे त्याने नोकरी केली. हा ब्रामा मोठा वल्ली होता. आपले कुलूप दुकानाच्या खिडकीत टांगून ‘जो उघडील त्याला २०० गिनी’ अशी त्याने पाटी लावली होती, आणि ते कुलूप १८५१ पर्यंत कोणाला उघडले नाही. मॉडस्लेने आठवड्याला ३० शिलिंगांहून अधिक पगार मागितला, ब्रामाने नकार दिला, आणि १७९७ साली मॉडस्लेने स्वतःचा कारखाना काढला. जगाच्या इतिहासात इतकी महागात पडलेली काटकसर क्वचितच सापडेल.

मॉडस्लेने मळसूत्र अचूक कापणारा लेथ सिद्ध केला. मळसूत्र ही दिसायला क्षुल्लक वस्तू. पण तीच मोजमापाची जननी आहे. इंचाला पन्नास आटे असलेले मळसूत्र एक फेरा फिरविले की टोक इंचाचा पन्नासावा भाग पुढे सरकते. फेऱ्याचे शंभर भाग पाडले की इंचाचा पाच हजारावा भाग हाती येतो. आटे जितके एकसारखे तितके माप खरे. मॉडस्लेने असे मोजण्याचे एक साधन बाकावर ठेवले होते, आणि त्याला तो ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणे; कारागिरांत मापावरून वाद झाला तर शेवटचा निवाडा या न्यायाधीशाचा.

त्याच्या हाताखाली जोसेफ व्हिटवर्थ तयार झाला. याने १८३३ साली मँचेस्टरला बिऱ्हाड हलविले. सपाट पृष्ठभाग कसा मिळवावा, याची त्याने १८४० साली मांडलेली पद्धत इतकी साधी आहे की ती घरीही समजावून देता येते. ओतीव लोखंडाचे दोन पाट घ्या, एकाला रंग लावा, दुसऱ्यावर टेकवा. जेथे रंग लागेल तेथे उंचवटा, तो खरवडा. असे करीत गेले की दोन्ही पाट एकमेकांना तंतोतंत बसतील. पण ते सपाट झाले का? नाही! एक फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असला तरी ते बसतातच. म्हणून तिसरा पाट घ्यायचा, आणि तिघांनाही आळीपाळीने एकमेकांशी जुळवायचे. दोघे संगनमत करू शकतात. तिघे एकमेकांशी जुळायचे तर तिघांनाही सपाट होण्यावाचून गत्यंतर नाही. कोणतेही अवजड यंत्र नाही, गणित नाही. तीन पाट, रंग आणि हाताची सवय.

याच व्हिटवर्थने १८४१ साली मळसूत्राच्या आट्यांचे एक प्रमाण सुचविले. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. त्याने अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली, आट्याचा कोन ५५ अंश ठरविला, आणि प्रत्येक जाडीला इंचात किती आटे हे बांधून दिले. वऱ्हाडशी याचा संबंध काय, असे वाटेल. फार जवळचा संबंध आहे. कापसाचा हंगाम तीन-चार महिन्यांचा. पौषात खामगावच्या जिनातील एखादा बोल्ट तुटला आणि तो ओल्डहॅमहून हातमापाने करून आणायचा म्हटले, तर १८६९ साली सुएझचा कालवा उघडल्यावरसुद्धा पत्र जाऊन माल येईपर्यंत हंगाम संपलाच असता. प्रमाण आटे असल्यामुळे मुंबईच्या पेढीवरचा बोल्ट येथे बसू लागला. हजारो कोसांवरचा, इंग्रजी न जाणणारा फिटर ज्या यंत्राचा भाग रातोरात बदलू शकतो, ते यंत्र चांगले आखलेले. ही कसोटी ज्या यंत्रकारांनी ओळखली त्यांचीच यंत्रे परदेशी टिकली.

आखणीपासून पेटाऱ्यापर्यंतचा क्रम आता थोडक्यात सांगतो. प्रथम नकाशाखान्यात यंत्राच्या प्रत्येक भागाचा मापासह नकाशा काढतात. नकाशावरून सुतार लाकडी नमुना करतो. आणि येथे एक गमतीची खुबी आहे. ओतीव लोखंड थंड होताना आकसते, फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच. म्हणून नमुना करणाऱ्या सुताराची फुटपट्टीच तेवढी लांब केलेली असते. बाजारातल्या फुटाने पाहिले तर त्याचा फूट खोटा. पण त्या खोट्या फुटाने केलेल्या नमुन्यातूनच खऱ्या मापाचे लोखंड निघते. नमुन्याभोवती वाळू ठासून साचा करतात, रस ओततात, ओतीव तुकडा लेथवर व रंध्यावर घालून मापात आणतात. शेवटी फिटर सर्व भाग जुळवितो, यंत्र चालवून पाहतो, प्रत्येक भागावर आकडा ठोकतो, पुन्हा सुटे करतो आणि पेटाऱ्यात भरतो. अकोल्यास पेटारा उघडणाऱ्याने आकड्याला आकडा जुळवायचा, इतकेच.

जिनाहून प्रेसची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. रुई हलकी, तिला जागा फार लागते. १८२५-२६ साली विकाजी आणि पेस्तनजी या व्यापाऱ्यांनी वऱ्हाडचा कापूस मुंबईस प्रथम मोठ्या प्रमाणावर पाठविला, तेव्हा १,२०,००० पौंड मालासाठी ५०० बैल लागले. पुढे आगबोट आली. पण आगबोटवाला भाडे घेतो ते जागेचे. रुई जितकी दाबावी तितके भाडे वाचते. माणसांनी फिरविलेल्या मळसूत्री दाबाने काही अंशी भागे. खरा दाब मिळाला तो पाण्यापासून.

ब्रामाने १७९५ साली जलदाबयंत्राचे पेटंट घेतले होते. तत्त्व फ्रेंच पंडित पास्कालचे, दीडशे वर्षांपूर्वीचे: बंद पात्रातील पाण्यावर कोठेही दाब दिला की तो सर्वत्र सारखा पोचतो. एक दट्ट्या एक इंच व्यासाचा आणि दुसरा दहा इंच व्यासाचा घेतला, तर मोठ्याचे क्षेत्रफळ शंभरपट. लहानावर एक मण भार टाका, मोठा शंभर मण उचलतो. अर्थात फुकट काही नाही. मोठा दट्ट्या एक इंच वर जाण्यास लहान दट्ट्याला एकंदर शंभर इंच खाली जावे लागते.

तत्त्व माहीत होते, मग दीडशे वर्षे यंत्र का झाले नाही? गळतीमुळे. दट्ट्याच्या कडेने पाणी फुटे. कडेला दोऱ्या ठासून भरल्या तर गळती थांबे, पण दट्ट्या इतका आवळला जाई की खाली यायचे नाव घेत नसे. येथेही मार्ग सापडला तो त्याच मॉडस्लेला, ब्रामाच्या नोकरीत असताना. त्याने कातड्याची एक कडी केली, पन्हळीसारखी मुडपलेली, उघडी बाजू पाण्याकडे. पाण्याचा दाब वाढला की तो कडीचे ओठ फाकवून लोखंडाशी दाबतो. दाब जितका जास्त तितकी कडी घट्ट. दाब सोडला की ओठ सैल, आणि दट्ट्या आपसूक खाली. ज्या शत्रूशी झगडायचे त्यालाच पहारेकरी नेमले! यंत्ररचनेत याहून सुंदर विचार आम्हाला आढळलेला नाही.

याच दट्ट्याने वऱ्हाडच्या गाठी बांधल्या. पेटीत रुई भरायची, माणसांनी आत उतरून ती पायांनी तुडवायची, मग खालून दट्ट्या वर येऊन ती चेपतो, लोखंडी पट्ट्या आवळतात आणि ३९२ पौंडांची गाठ बाहेर पडते. ३९२ हा आकडा विचित्र वाटेल. पण मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची, आणि गाठ म्हणजे बरोबर अर्धी खंडी. इंग्रजी यंत्राला येथे देशी मापापुढे मान तुकवावी लागली. आज गाठ १७० किलोची झाली, तरी रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीवरच बोलतात. नागपूरपर्यंत १८६७ साली रेल्वे पोचली, १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा फाटा उघडला, आणि गाठ गावात बांधून थेट बंदरावर धाडता येऊ लागली.

या यंत्रांचे आयुष्य किती? त्याच घराण्यातला एक साक्षीदार आपल्याच जिल्ह्यांत होता. किलिक निक्सन कंपनीच्या यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या अडीच फुटी मार्गावर, जिला लोक शकुंतला म्हणतात त्या गाडीला, १९२१ साली मँचेस्टरला घडविलेले वाफेचे इंजिन १९२३ मध्ये जुंपले गेले, आणि १५ एप्रिल १९९४ रोजी ते उतरवून डिझेल इंजिन लावले. सत्तरांहून अधिक वर्षे! त्याचे श्रेय मँचेस्टरला आहे, तसे मूर्तिजापूरच्या फिटरांनाही आहे. झिजलेले भाग ते बदलीत, कातीत, ठोकीत राहिले. ज्याने आखले त्याचे नाव कारखान्याच्या पाटीवर राहते. ज्यांनी जगविले त्यांचे कोठेच राहत नाही.

येथवर आम्ही गुणगान केले. आता दुसरी बाजू. इंग्रज यंत्रकाराने उत्तर अचूक काढले. पण प्रश्न कोणाचा होता? कमी वेळात अधिक रुई, गिरणीला हवा तसा धागा, आगबोटीत कमी जागा: हे तिन्ही प्रश्न लँकेशायरचे. जिनाच्या पडवीत बसून दिवसभर यंत्रापुढे कापूस लोटणाऱ्या बाईच्या छातीत किती तूस जातो, हा प्रश्न कोणत्याही नकाशाखान्यात गेला नाही. १८८४-८५ च्या मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातील जिनांच्या ज्या हकीकती आल्या, त्यांत बायका पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काम करीत असल्याचे नमूद आहे. सुरीला किती विसावा द्यावा याचे कोष्टक होते; बाईच्या विसाव्याचे नव्हते.

दुसरा परिणाम शेतात झाला, आणि तो यंत्रकाराच्या स्वप्नातही नसावा. वऱ्हाडात ‘बनी’ नावाचा लांब व तलम धाग्याचा कापूस होता, आणि ‘जरी’ नावाचा आखूड, भरड पण काटक. शंभर शेर कापसातून जरीची रुई अधिक उतरे. रेच्याच्या काळात हा फरक घरातल्या घरात जिरत असे. जिन आल्यावर उतारा तराजूवर चढला, आणि शेतकऱ्याला भाव मिळू लागला तो उताऱ्याचा. जिनात निरनिराळ्या शेतांचा कापूस एकत्र होई, सरकीही मिसळे, आणि तीच पुन्हा पेरायला जाई. बनी मागे पडली, जरी पसरली. लांब धाग्यासाठी तळमळणाऱ्या लँकेशायरच्याच यंत्राने आखूड धाग्याची सद्दी वाढविली! भेसळीला आळा घालण्यासाठी पुढे १९२५ साली जिनिंग-प्रेसिंगचा कायदा करून प्रत्येक गाठीवर प्रेसचा छाप व क्रमांक मारणे सक्तीचे करावे लागले.

आमच्या मते आपल्या मागासपणाचे मूळ येथे आहे. शतकभर आपण हजारो लाटा फिरविल्या, पण नकाशाखाना ओल्डहॅमलाच राहिला. दुरुस्ती शिकलो, आखणी शिकलो नाही. कारण प्रश्न विचारण्याचा मान आपल्याकडे नव्हता. तो जसजसा आला तसतसे चित्र पालटले. मुंबईला माटुंग्यास १९२४ साली कापसाची प्रयोगशाळा निघाली, अमरावतीला १९६४ साली अभियांत्रिकी महाविद्यालय आले, अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठ झाले. या विद्यापीठाने खेड्यातल्या घरी डाळ करता यावी म्हणून छोटी डाळ गिरणी बनविली. शेतकऱ्याने तूर विकून डाळ विकत का घ्यावी, या प्रश्नातून ती निघाली, आणि असा प्रश्न मँचेस्टरला पडण्याचा संभवच नव्हता. दुहेरी लाटेची जिने आज नागपुरात बनतात आणि आफ्रिकेपर्यंत जातात.

आणि त्याच जुन्या लाटेवर एक नवा प्रश्नही आपल्या लोकांनी विचारला. वॉलरसच्या जागी पुढे क्रोमियमने कमावलेल्या कातड्याच्या चकत्या आल्या. चकत्या झिजतात, त्यांची पूड रुईत मिसळते आणि जिनात काम करणाऱ्यांच्या श्वासात जाते. ही पूड विषारी; तेव्हा कातड्याऐवजी काय? माटुंग्याच्या त्याच संस्थेने कापडावर रबर चढवून केलेली, क्रोमियम नसलेली लाट सिद्ध केली. पण जिनवाल्याचा सवाल १८७० चाच आहे: ती तंतू तितकाच धरते का, किती दिवस टिकते, आणि पडते केवढ्याला? म्हणून पुष्कळ जिनांत जुन्या चकत्या अजून फिरत आहेत.

वेचणीचा प्रश्न तर सुटायचाच आहे. अमेरिकेत कापूस वेचणारी अवजड यंत्रे १९४० च्या दशकापासून शेतात उतरली; पण तेथे शेते अफाट, आणि पऱ्हाटीची पाने औषधाने झाडवून सगळी बोंडे एकदम काढतात. आपल्याकडे शेत पाच-सात एकरांचे, काळी जमीन ओली झाली की चाक रुतते, आणि एकाच झाडावर फुटलेले बोंड, हिरवे बोंड आणि फूल एकाच वेळी असते. म्हणून तीन-चार वेचण्या कराव्या लागतात. वेचणारी बाई फुटलेले बोंड नजरेने निवडते, दोन बोटांनी कापूस काढते आणि वाळके पान मागे ठेवते. हे यंत्र आखायचे तर आधी तिच्या मागे ओळीने चालून, तिची दोन बोटे नेमके काय करतात हे पाहावे लागेल.